धर्मानंदांचा धर्मशोध

एकोणिसाव्या शतकात ज्या मराठी माणसांनी जाणत्या वयात जन्माचा धर्म सोडून दुसरा पत्करला, त्यांच्या चरित्रांतून एक ठरावीक वाट दिसते. मिशनची शाळा, एखादा विद्वान व कनवाळू पाद्री, शास्त्राचे चोरून केलेले वाचन, बातमी घरी फुटल्यावर उठलेला आकांत आणि शेवटी बाप्तिस्मा. बाबा पदमनजी १८५४ साली बेळगावात ख्रिस्ती झाले ते थोड्याफार फरकाने याच वाटेने. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे, तर नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तिघांची घडण निराळी, तिघांचा झगडा निराळा. त्यांना एका माळेत ओवणे अन्यायाचे होईल. परंतु एक गोष्ट तिघांच्याही बाबतीत खरी आहे. ज्या धर्माकडे त्यांनी पाऊल टाकले, तो त्यांच्या दाराशी येऊन उभा होता. त्याची पुस्तके मराठीत छापलेली होती, त्याचे उपदेशक शंकेला उत्तर द्यायला तत्पर होते. आणि जुनी जात तुटली की आत घ्यायला, बरीवाईट का होईना, एक नवी मंडळी तयार होती.

त्याच शतकाच्या अगदी अखेरीस गोमंतकातील एका तरुणाच्या मनात जी श्रद्धा उपजली, तिला यांपैकी कशाचाच आधार नव्हता. धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. प्रकृती तोळामासा, शिक्षण गावातल्या मराठी शाळेपुरते, पुढे घरच्या नारळीच्या बागेची देखभाल. वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी लग्न झाले. पोर्तुगीज अंमलाखालच्या त्या खेड्यात माणसाला डोळ्यांनी दिसणारे धर्म दोनच: एक देवळातला आणि एक चर्चमधला. बुद्धाचा धर्म दिसण्याचा प्रश्नच नव्हता. गोव्यातच कशाला, साऱ्या मराठी मुलखात त्या वेळी नांदता असा एकही विहार नव्हता. कार्ल्याची, कान्हेरीची, अजिंठ्याची लेणी होती. पण त्यांतून भिक्षेसाठी पात्र घेऊन उतरणारा भिक्षू शेकडो वर्षांपूर्वीच दिसेनासा झाला होता.

बौद्ध परंपरेत धर्माची जी विशेषणे सांगितली जातात, त्यांत ‘एहिपस्सिको’ असे एक आहे. ‘ये आणि पाहा’ असे ज्याच्याविषयी म्हणता येते तो, असा त्याचा अर्थ. कोसंबींच्या तरुणपणीच्या हिंदुस्थानात पाहण्यासारखे थोडेबहुत उरले होते, पण ‘ये’ म्हणणारे कोणी उरले नव्हते.

मग ही श्रद्धा आली कोठून? ती आली छापील कागदातून, आणि तोही भलत्याच ठिकाणच्या. ‘बालबोधमेवा’ या नावाचे मुलांसाठी एक मराठी मासिक त्या काळी निघत असे. ते चालवीत होते अमेरिकन मिशनचे ख्रिस्ती लोक. त्यात बुद्धाविषयी आलेला एक छोटा चरित्रलेख धर्मानंदांच्या वाचनात आला. मिशनऱ्यांनी मुलांच्या ज्ञानासाठी छापलेल्या चार पानांतून एक बौद्ध निर्माण व्हावा, यातला विनोद इतिहासानेच केला आहे. त्यात भर घालण्याची गरज नाही. पुढे १८९९ साली गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती पडले. हे पुस्तक एडविन अर्नल्ड याच्या १८७९ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बुद्धकाव्याला अनुसरून लिहिलेले होते. हा अर्नल्ड तरुणपणी काही वर्षे पुण्याच्या सरकारी संस्कृत कॉलेजचा, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचा, मुख्य अध्यापक होता. भारतातून नाहीसा झालेला बुद्ध इंग्रजी काव्यात शिरून जगभर फिरला आणि मराठी गद्यात उतरून अखेर एका नारळीच्या बागेत पोहोचला.

याच सुमारास उत्तरेकडे बुद्धाचा शोध कुदळी-फावड्यांनी चालू होता. १८९६ च्या डिसेंबरात नेपाळच्या तराईत रुम्मिनदेई येथे अशोकाचा शिलास्तंभ वाचला गेला आणि लुंबिनीचे स्थान निश्चित झाले. १८९८ साली पिप्रावा येथील स्तूपात अस्थिपात्रे सापडली. अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ साली महाबोधी सभा स्थापन करून बुद्धगयेच्या मंदिरावरील हक्काचा प्रश्न उभा केला होता. यांपैकी काहीही साखवाळपर्यंत पोहोचलेले नव्हते. त्या तरुणाजवळ एक पुस्तक होते, संसारात न रमणारे मन होते, आणि पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून दृढ झालेला एक निश्चय होता: काहीही सोसावे लागो, बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मिळवायचे.

‘ज्ञान मिळवायचे’ हे शब्द येथे जपून वाचले पाहिजेत. ज्याला आपण धर्मांतर म्हणतो त्यात सामान्यतः आधी परिचय, मग पटणे, मग स्वीकार असा क्रम असतो. धर्मानंदांचा क्रम उलटा होता. त्रिपिटकातील एक ओळही त्यांनी वाचलेली नव्हती, पाली भाषेचे अक्षर पाहिलेले नव्हते, एकाही बौद्ध माणसाशी बोलणे झालेले नव्हते. आणि तरीही आपण या मार्गाचे आहोत, हे त्यांचे ठरून गेले होते. श्रद्धा आधी बसली, आणि ती कशावर बसली आहे हे समजून घेण्यासाठी पुढचे सारे आयुष्य लागले.

वडिलांच्या निधनानंतर घराची जबाबदारी त्यांच्यावर होती. १८९९ सालीच पहिली मुलगी, माणिक, जन्मली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून धर्मानंद घराबाहेर पडले.

प्रथम ते पुण्यास गेले. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी या अनोळखी, फारसे न शिकलेल्या तरुणाला जवळ केले. भांडारकर स्वतः प्रार्थनासमाजाचे. सुधारलेल्या, एकेश्वरी, सौम्य धर्माचे एक घर धर्मानंदांना तेथे सहज मिळू शकले असते. इतर अनेकांना ते पुरले असते. धर्मानंदांना संस्कृत शिकायचे होते, कारण संस्कृत आल्याशिवाय बौद्ध ग्रंथांपर्यंत जाता येणार नाही अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते पुणे सोडून इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर असे करीत काशीस पोहोचले. काशीत दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न अन्नछत्रावर सुटत असे. पण अन्नछत्रात पानावर बसण्यापूर्वी ब्राह्मण्य सिद्ध करावे लागे, आणि सारस्वतांच्या ब्राह्मण्याविषयी तिकडे शंका घेणारे पुष्कळ होते. जातिभेद न मानणाऱ्या गुरूच्या शोधात निघालेल्या माणसाला जातीचा दाखला देऊन अन्न मिळवावे लागले! या दिवसांतील हाल, अपमान आणि अधूनमधून झालेली मायेची सोबत यांची हकिकत त्यांनी पुढे ‘निवेदन’ या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली. ते पुस्तक वाचताना नवल वाटते ते त्यातील कोरडेपणाचे. स्वतःच्या दुःखाचा बाजार मांडणे या लेखकाला ठाऊकच नाही.

काशीहून १९०२ साली ते नेपाळात गेले. तेथे बौद्ध धर्म जिवंत आहे असे ऐकले होते. काठमांडूत स्तूप होते, मूर्ती होत्या, पूजा होत्या. पण काण्यांच्या पुस्तकातून मनात भरलेला जो बुद्ध ते शोधीत होते, तो त्यांना तेथे आढळला नाही. हा प्रसंग त्यांच्या वाटचालीत महत्त्वाचा आहे. पुस्तकातून श्रद्धा घेऊन निघालेला माणूस प्रत्यक्ष धर्मापाशी पोहोचतो तेव्हा दोन गोष्टी होऊ शकतात: एक तर तो निराश होऊन घरी परततो, नाहीतर समोर दिसते त्यालाच धर्म मानून त्यात विरून जातो. धर्मानंदांनी दोन्ही केले नाही. ते खाली उतरून बुद्धगयेस आले. बोधिवृक्षाजवळचे ते मंदिर तेव्हा शैव महंतांच्या ताब्यात होते. तेथे भेटलेल्या एका भिक्षूने त्यांना सांगितले की, बुद्धाचा धर्म शिकायचा तर सिंहलद्वीपास जावे लागेल.

महाबोधी सभेच्या कलकत्त्यातील मंडळींनी साहाय्य केले आणि १९०२ साली धर्मानंद कोलंबोस पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालय १८७३ साली स्थापन झालेले. त्याचे अध्यक्ष सुमंगलाचार्य हे त्या काळातील पालीचे सर्वांत मोठ्या मानाचे पंडित. त्यांच्याजवळ धर्मानंदांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीच्या अध्ययनाला आरंभ केला. घर सोडल्याला तोवर दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ज्या ग्रंथांसाठी हे सारे केले, ते ग्रंथ येथे प्रथमच त्यांच्या हाती आले, आणि ते होते सिंहली लिपीत. ब्रह्मदेशात तेच ग्रंथ ब्रह्मी लोकांच्या गोल अक्षरांत, सयामात सयामी अक्षरांत, आणि १८८१ पासून लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने रोमन अक्षरांत छापायला घेतलेले. मगध-कोसलात जे बोलले गेले, ते नागरी अक्षरांत तेवढे वाचायला मिळत नव्हते! संपूर्ण त्रिपिटक नागरीत छापले जायला १९५६ पासूनची नालंदा आवृत्ती यावी लागली.

सिंहलद्वीपानंतर मद्रास, ब्रह्मदेश, पुन्हा उत्तर हिंदुस्थानातील बौद्ध क्षेत्रे, पुन्हा ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास झाला. कोठे पायी, कोठे कोणी काढून दिलेल्या तिकिटावर. ब्रह्मदेशातील विहारांत त्यांनी केवळ ग्रंथ वाचले नाहीत, ध्यानाचा अभ्यासही केला. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा ध्यानमार्गाचा मोठा ग्रंथ त्यांच्या जिव्हाळ्याचा झाला, तो जन्मभर.

१९०६ साली ते कलकत्त्यास परतले. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. अरविंद घोष ज्याचे प्राचार्य होते त्या राष्ट्रीय महाविद्यालयात धर्मानंद पाली शिकवू लागले, आणि पुढे कलकत्ता विद्यापीठातही. चीवर त्यांनी उतरवून ठेवले. जवळजवळ सात वर्षांनी ते गोव्यात जाऊन पत्नीला व मुलीला भेटले. ३१ जुलै १९०७ रोजी त्यांचा मुलगा जन्मला. तोच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेला दामोदर धर्मानंद कोसंबी.

कलकत्ता विद्यापीठात त्यांना दरमहा २५० रुपये मिळू शकत होते. त्याच सुमारास बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्यापुढे एक वेगळी योजना ठेवली: महाराष्ट्रात कोठेही राहावे, वर्षाला एखादा ग्रंथ लिहावा, आणि दरमहा ५० रुपये घ्यावेत. धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले. व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल. पण साखवाळच्या बागेत स्वतःला जे मिळाले नव्हते, ते मराठी वाचकाला मराठीतून मिळावे, हा हेतू लक्षात घेतला म्हणजे हा हिशेब समजतो. १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक निघाले, १९१४ साली ‘बुद्धलीलासारसंग्रह’. १९१२ पासून सहा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे अध्यापक होते. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट आणि ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे नामांकित पंडित त्यांच्याच शिष्यवर्गातले. मॅट्रिकही न झालेला माणूस कॉलेजात शिकवीत होता आणि हार्वर्डचे विद्यापीठ त्याला बोलावून नेत होते. १९१० ते १९३२ या काळात धर्मानंद चार वेळा हार्वर्डला गेले, १९२९ साली लेनिनग्राडला गेले, मधल्या काळात गुजरात विद्यापीठात शिकवून आले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. ही यादी लांबवता येईल. परंतु त्यांच्या श्रद्धेचे काय झाले, हा खरा प्रश्न त्या यादीत सापडत नाही. तो सापडतो त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात.

सुमारे १९४० साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ बुद्धाचे चरित्र आहे, आणि त्यात प्रचलित बुद्धचरित्राची शांतपणे उलटतपासणी केलेली आहे. सिद्धार्थाची गोष्ट कोणाला माहीत नाही? राजवाडा, तीन ऋतूंचे तीन प्रासाद, रथातून जाताना दिसलेले म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी. मग ती मध्यरात्र, झोपलेली पत्नी, तिच्या कुशीत नुकताच जन्मलेला राहुल, त्याच्या मस्तकावर असलेला तिचा हात. तो उचलला तर ती जागी होईल म्हणून मुलाला न घेताच माघारी वळलेला पिता. जातकांच्या निदानकथेत ही कहाणी आली आहे आणि चित्रकारांनी व कवींनी तिच्यावर आपली सारी कला उधळली आहे. अर्नल्डच्या काव्याचा प्राण तीच. काण्यांच्या पुस्तकातून गोव्यातल्या तरुणाच्या काळजाला भिडली, तीही हीच कहाणी.

चाळीस वर्षांच्या अभ्यासानंतर धर्मानंदांनी वाचकाला सांगितले की, त्रिपिटकाच्या सर्वांत जुन्या थरांत ही कहाणी नाही. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात खुद्द बुद्ध आपल्या गृहत्यागाविषयी बोलतो. आपण ऐन तारुण्यात, आईबाप अश्रू ढाळीत असताना, केस व दाढी काढून, काषाय वस्त्रे घालून घराबाहेर पडलो, असे तो तेथे सांगतो. म्हणजे जाणे झाले ते सर्वांच्या देखत. पळून जाण्याची मध्यरात्र मागाहून रचली गेली. म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसल्याची गोष्ट दीघनिकायातील महापदान सुत्तात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितलेली आहे. ती पुढे गौतमाच्या चरित्रात आणून बसवली. शुद्धोदन हा चक्रवर्ती राजा नव्हता. कोसलाच्या वर्चस्वाखालच्या शाक्यांच्या छोट्या गणातला तो एक पुढारी होता, त्याची शेती होती. आणि गृहत्यागाचे कारण? सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवून धर्मानंद म्हणतात की, माणसे एकमेकांवर शस्त्र उगारतात, उथळ पाण्यातल्या माशांप्रमाणे तडफडत परस्परांशी झगडतात, हे पाहून त्याला वैराग्य आले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात होणारी भांडणे या विचारामागे होती. याच विषयावर त्यांनी ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही लिहिले.

आता धर्मानंदांची स्वतःची १८९९ सालची घटना आठवावी. पत्नी, तान्ही मुलगी, गृहत्याग. ज्या कथेच्या प्रेरणेने एका माणसाने स्वतःचे घर सोडले, ती कथा ऐतिहासिक नाही हे सिद्ध करण्याचे काम त्याच माणसाच्या वाट्याला आले. आणि त्याने ते टाळले नाही, शब्द मऊ करून झाकलेही नाही. येथे एखाद्याची श्रद्धा ढासळली असती. एखाद्याने पुरावाच नाकारला असता. धर्मानंदांची निष्ठा दोन्हींतून सुखरूप बाहेर आली, याचे कारण ती त्या कथेवर केव्हाच अवलंबून राहिली नव्हती. कथेने त्यांना उंबरठ्याबाहेर काढले एवढेच. पुढे सिंहलद्वीपात, ब्रह्मदेशातल्या विहारांत आणि ग्रंथांच्या सहवासात जे हाती आले, ते कथेहून निराळे व टिकाऊ होते. वाडवडिलांकडून आलेला धर्म पुष्कळदा तपासणीला भितो, कारण एक वीट काढली तर घरच कोसळेल की काय ही धास्ती असते. येथे प्रत्येक वीट मालकाने स्वतः वाहून आणलेली होती. कोणती कच्ची आणि कोणती भाजलेली, हे त्याला पुरते ठाऊक होते.

तथापि या हिशेबात एक बाजू राहून जाते. घर सोडणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते. ज्याच्यामागे घर उरते त्याचे लिहिले जात नाही. टिळकांच्या धर्मांतराला मराठी वाङ्मयात जी मानवी उंची लाभली, ती त्यांच्या पत्नीमुळे. १८९५ नंतरची ताटातूट, संताप, सोवळेओवळे आणि अखेर १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत त्याच श्रद्धेपर्यंत आलेली वाट, हे सारे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसतरडत सांगितले. नवऱ्याच्या देवाचा शोध घरातल्या स्त्रीच्या अंगणात कसा येऊन पडतो, हे त्या पुस्तकाइतके दुसरीकडे दिसत नाही. बाळाबाई कोसंब्यांनी असे पुस्तक लिहिलेले नाही. सात वर्षे नवरा कोठे काशीत, कोठे कोलंबोत, कोठे ब्रह्मदेशच्या रानात. घरी एक मुलगी वाढत होती. सिद्धार्थाने मध्यरात्री पळ काढला नाही हे त्रिपिटकावरून ठरवता आले. पण ज्या आईबापांच्या डोळ्यांत पाणी होते, त्यांच्याबरोबर यशोधराही रडत होती की नाही, हे ते जुने सुत्त सांगत नाही. धर्मानंदांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येतो असे नव्हे. परंतु प्रौढ वयात सापडलेल्या धर्माची किंमत ज्याने धर्म शोधला त्यानेच सगळी भरली, असे मात्र म्हणता येणार नाही.

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाने एक वादळही उठवले. बुद्धाच्या अखेरच्या जेवणात डुकराचे मांस होते आणि प्राचीन काळी जैन श्रमणही मांस वर्ज्य मानीत नव्हते, असे धर्मानंदांनी पुराव्यांच्या आधारे लिहिले. जैन समाजात याने मोठी खळबळ माजली. आपले मत त्यांनी बदलले नाही. पण याच माणसाने आयुष्याच्या शेवटी ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक लिहिले आणि जैन परंपरेतील अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह या चार व्रतांत अवघ्या मानवजातीच्या उद्धाराचा पाया आहे, असे मनापासून मांडले. परळच्या कामगारवस्तीत १९३७ साली त्यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला बहुजनविहार, तारुण्यात हार्वर्डमध्ये लागलेली समाजवादाची ओढ आणि गांधीजींवरील निष्ठा, या साऱ्यांना त्यांच्या बौद्धत्वात जागा होती. एकदा निवडलेला धर्म त्यांना भिंतीसारखा कधी वाटला नाही.

शरीर थकले, इतरांना आपला भार होऊ लागला, असे वाटल्यावर त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवण्याचा निश्चय केला. १९४६ साली गांधीजींच्या सांगण्यावरून तो उपवास त्यांनी सोडला. पुढे सेवाग्रामच्या आश्रमात पुन्हा आरंभला, आणि ४ जून १९४७ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. मरणाची ही रीत बौद्धांची नव्हे, जैनांची. ज्या जैनांचा रोष त्यांनी ओढवून घेतला होता, त्यांची. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली. देश फाळणीच्या उंबरठ्यावर होता. पालीच्या एका पंडिताच्या मृत्यूची वार्ता त्या गदारोळात कितीजणांच्या कानी पडली असेल!

धर्मानंदांनी गोव्यात काण्यांचे बुद्धचरित्र वाचल्यानंतर आठ वर्षांनी, १९०७ साली, मुंबईत भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याचे कौतुक म्हणून स्वतः लिहिलेले मराठी बुद्धचरित्र त्याला भेट दिले. एकाने पुस्तक मिटले आणि घर सोडले. दुसऱ्याने पुस्तक मिटल्यापासून नागपूरच्या दीक्षेपर्यंत ४९ वर्षे घेतली. त्या काळात १९३५ साली येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, अनेक धर्म पारखले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण घेऊन लक्षावधी माणसांना त्याच वाटेवर आणले. पहिल्याचा मार्ग एकट्याचा, दुसऱ्याचा अख्ख्या समाजाच्या मुक्तीचा. ही तुलना फार ताणू नये. पण १९५७ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातला सिद्धार्थही मध्यरात्री पळून जात नाही. रोहिणीच्या पाण्यावरून पेटलेल्या भांडणापायी तो घर सोडतो, आणि जाताना आईबापांचा व यशोधरेचा निरोप घेऊन जातो.

१९५६ हेच बुद्धाच्या परिनिर्वाणाचे अडीच हजारावे वर्ष म्हणून देशभर साजरे झाले. त्या निमित्ताने साहित्य अकादेमीने ‘भगवान बुद्ध’ इतर भारतीय भाषांत आणला. हार्वर्डचे काम मात्र फार रेंगाळले होते. हेन्री क्लार्क वॉरन हा अमेरिकन पंडित १८९९ साली, म्हणजे धर्मानंदांनी घर सोडले त्याच वर्षी, ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन अपुरे ठेवून वारला होता. ते पुरे करण्यासाठीच धर्मानंदांना १९१० साली प्रथम अमेरिकेस बोलावण्यात आले. पण पुस्तकाच्या श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि ते परत आले. नंतरच्या खेपांत मजकूर तयार झाला, तरी छपाई लांबत गेली. दरम्यान धर्मानंदांनी हा ग्रंथ १९४० साली मुंबईत नागरी लिपीत छापून घेतला, त्याच्यावर स्वतः पालीत टीकाही लिहिली. हार्वर्डची प्रत निघाली १९५० साली. तोवर लॅनमन यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती, आणि धर्मानंदांना तीन.